मनगटं वाचणारी शिवगंगाक्का

"मी न्हाई येणार नेसरीला. घड्याळ हितं आण."

"घड्याळ उंबऱ्याभाईर काढायचं न्हाई म्हणतीया ती."

"मग दुसरीकडं बघ."

"दुसरीकडं कुठं? कोल्हापुरातली सगळी दुकानं झाली. मुंबईवाला म्हणतोय, असला माल आता येत न्हाई. आता काय स्वर्गात जाऊन बघू?"

"आन वर किल्लीबी द्यायची न्हाई म्हणती! किल्ली दिल्याबिगर चाक बरं हाय का वाईट, मला कळायचं कसं? ते काय सपनात यिऊन सांगणार हाय?"

"डोळ्यानं बघायचं की! दिवसभर डोळ्याला ते भिंग लावून बसताय, ते काय मुंडावळ्यागत शोभंला?"

"हे बघ, शिवगंगा..."

"तुम्हीच बघा. मी शब्द दिऊन आलोय."

होय, 'आलोय'. कोल्हापूरच्या बायका जातो-येतो अशाच बोलतात, आणि शिवगंगाक्का तर भांडताना जास्तच.

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत, रेवणसिद्धअप्पांच्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात हा तमाशा चालला होता तेव्हा त्र्याहत्तर साल होतं. दुकान कसलं, राहत्या घराची पुढची खोली. काचेच्या पेटीमागे अप्पा, मागच्या दारात कमरेवर हात ठेवून त्यांची बायको, आणि भिंतीवर आपापली वेळ दाखवणारी घड्याळं. ज्या मुलीमुळे हे सगळं पेटलं होतं ती बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. कोण बोलेल त्याच्याकडे मान वळवत होती.

तिचं नाव रुद्राणी. उचगावच्या भीमाप्पाची लेक. भीमाप्पा फाउंड्रीत मोल्डिंगचं काम करायचा. लग्नात जावयाला नवं घड्याळ घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून त्यानं स्वतःच्या हातातलं, जिवापाड जपलेलं स्विस घड्याळ काढून दिलं होतं. जावई सातलिंग एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. वर्षभर घड्याळ मिरवलं. मग एके दिवशी ते बंद पडलं, आणि सातलिंगनं घड्याळ आणि बायको दोन्ही उचगावला परत धाडली. निरोप असा, की सासऱ्यानं जुनाट माल गळ्यात मारला, आता चालू करून द्या. झालं की सांगा, दुकानातनंच दोन्ही घेऊन जातो.

दोन्ही! म्हणजे घड्याळ आणि रुद्राणी.

तर रुद्राणीचा संसार अडला होता तो मोहरीएवढ्या एका भागापाशी. घड्याळाच्या पोटात एक चाक अखंड डोलत असतं, त्याचा आस मोडला होता. केसाच्या टोकाएवढा आस, पण तो मोडला की घड्याळ मेलं. आणि हे घड्याळ इतकं जुन्या घडणीचं होतं, की दुसऱ्या कुठल्या घड्याळाचं चाक त्याला चालेना. अगदी तस्संच दुसरं घड्याळ सापडायला हवं होतं.

ते शोधण्याचं खातं अक्कांचं.

अप्पांचा हात सोन्याचा, सगळं कोल्हापूर सांगायचं. पण परदेशी माल येणं बंद झाल्यावर सोन्याचा हात काय करणार? सुटे भाग आणायचे कुठून? तेव्हा अक्का घराबाहेर पडल्या. त्यांना घड्याळ उघडता येत नव्हतं, डायलवरची इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती. पण एकदा पाहिलेलं घड्याळ त्या जन्मात विसरत नसत. कडा गोल की चौकोनी, सेकंदकाट्याचं छोटं वर्तुळ कुठं, पट्टा अडकवायचे कान कसे, आणि ते कुठल्या गावच्या कुठल्या माणसाच्या मनगटावर पाहिलं. "माणसाचं त्वांड विसरीन," म्हणायच्या, "मनगट न्हाई."

आणि पाहायची रीत तर अशी, की शेजारच्या घरातली पोर मी, ती ऐकून हसून हसून लोळायची. लग्नात, तेराव्याला, यात्रेत, कुठंही अनोळखी माणूस दिसला की अक्का थेट समोर जाऊन उभ्या राहायच्या. "पावणं, किती वाजलं?" माणूस बिचारा बाही सरकवून हात पुढे करायचा. अक्का घड्याळ डोळ्यांनी पिऊन घ्यायच्या आणि उत्तर न ऐकताच पुढच्या माणसाकडे वळायच्या. "पावणं, किती वाजलं?" घड्याळवाल्याची बायको गावभर वेळ विचारत फिरते म्हणून लोक टिंगल करत. एस.टी.त गर्दी असली तर त्यांची दिवाळी. माणसं वरची दांडी धरून उभी राहायची, बाह्या आपोआप खाली यायच्या, आणि अक्का सीटवर बसून ओळीनं मनगटं वाचत जायच्या.

पण त्यांचे नेम कडक. चालत्या घड्याळाकडे मागायचं नाही. बंद पडलेलं असलं तरच शब्द टाकायचा, तोही घरच्या सगळ्यात मोठ्या माणसापाशी. दुकानात वर्षानुवर्षं कुणी न्यायला न आलेली घड्याळं पडून होती. दुसऱ्या कुणी ती केव्हाच फोडून विकली असती. अक्का त्यांना हात लावू देत नसत. "मालक यील न्हाईतर न यील, घड्याळ त्याचं हाय." आणि शेवटचा नेम त्यांचा स्वतःचा: एका घड्याळातून चांगला भाग काढला, की दुसऱ्यातला मोडका भाग तिथं बसवायचा. "प्वाट रिकामं ठिवायचं न्हाई." चालणार नसलं तरी घड्याळानं भरल्या पोटी परत जायचं.

रुद्राणीचं घड्याळ अक्कांनी हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मग म्हणाल्या, "असलं एक नेसरीत हाय. शाळंच्या पिराजीच्या हातात व्हतं. त्यो गेल्यापास्नं बंदच आसंल."

नेसरी अक्कांचं माहेर. पिराजी तिथल्या शाळेत शिपाई होता. घंटा त्याच्या हातात, म्हणून घड्याळ त्याच्या हातात. अक्कांनी ते आपल्या भावाच्या लग्नात पाहिलं होतं. मुहूर्ताची वेळ सांगायला भटजीच्या शेजारी पिराजीच उभा होता, छाती काढून. अक्का तडक नेसरीला गेल्या. पिराजीला जाऊन वर्षं झाली होती. घड्याळ होतं, देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकापाशी. आणि चिमणाबाई होती, त्याची बायको.

चिमणाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग अटी घातल्या. घड्याळ उंबऱ्याबाहेर जायचं नाही, काटे हलायचे नाहीत, आणि त्याला किल्ली द्यायची नाही.

"का गं, किल्ली का न्हाई?" अक्कांनी विचारलं.

"ते रोज सकाळी तोंड धुतलं की किल्ली द्यायचं. गेलं त्या दिशीबी दिलती. ते दुपारी गेलं, घड्याळ चालूच. माणसं आली, रडली, गेली, घड्याळ चालूच. दुसऱ्या दिशी मग आपसूक थांबलं." चिमणाबाईनं पदरानं काच पुसली. "काटं हायत तितं त्येंची किल्ली सरली. मला ते हलवायचं न्हाई."

अक्कांनी तिथल्या तिथं शब्द दिला. हलणार न्हाईत.

आणि तोच शब्द घेऊन त्या आता आठव्या गल्लीत नवऱ्याशी भांडत होत्या.

अप्पांचंही खोटं नव्हतं. कुठलाही जुना भाग घेण्याआधी ते घड्याळ चालवून पाहात, चाक कसं डोलतं, किती ताकदीनं, ते ऐकत. हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. न चालवता चाक काढलं आणि तेही खराब निघालं तर? मेलेल्या माणसाचं घड्याळ उगाच उघडल्याचं पाप डोक्यावर. शिवाय एस.टी.त बसलं की त्यांचा हात दिवसभर थरथरायचा. म्हणून ते गल्ली सोडून कुठं जातच नसत.

"हात थरथरतोय म्हणून काय झालं?" अक्का म्हणाल्या. "आदल्या दिशी जाऊ. माझ्या म्हायारी रातभर झोपा. सकाळच्या उन्हाला करा काम. हात काय दोन दिस थरथरतोय व्हय?"

अप्पांनी भिंग काढून पेटीवर ठेवलं. "आणि हिला कशाला ताटकळत ठिवलीस? घरी धाड की."

"ही येणार हाय संगट."

"मी?" रुद्राणी पहिल्यांदाच बोलली.

"तुझं काम हाय, तंगी. मागणाऱ्याचं त्वांड दिसाय नको?" तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. अक्का एकदा कुणाला तंगी म्हणाल्या की त्या माणसाला सुटका नसे.

"व्हईल ना हो अप्पा?" रुद्राणीनं विचारलं. "बारसं हाय माझ्या नणंदंच्या घरी. तवर जायला पायजे मला. लोक विचारत्यात, सून कुठं हाय."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि हत्यारांची गुंडाळी कापडात बांधायला घेतली. भांडणात हरल्याचं ते तोंडानं कधी सांगत नसत.

गडहिंग्लजला गाडी बदलून तिघं नेसरीला पोचली. अप्पा खिडकीशी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते, जणू हात कुणी चोरून नेईल. अक्का दांडीला लोंबणारी मनगटं वाचत होत्या. "नव्या एचएमट्याच लई झाल्यात," त्या पुटपुटल्या. "सगळी सारखी. ह्यांच्यात वाचायचं काय?"

सकाळी चिमणाबाईच्या सोप्यात ऊन आलं. अप्पांनी आंघोळ करून, विभूती लावून बैठक मारली. घड्याळ हातात घेतलं, आणि तिथंच अडलं. मागचं झाकण उघडायचं तर घड्याळ पालथं ठेवायला हवं. पालथं ठेवलं की काटे खाली.

"मग काटं हललं का न्हाई, मला कसं दिसणार?" चिमणाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण घड्याळावर ठेवलेला हात तिनं मागे घेतला नाही.

"माझ्यावर इस्वास ठिवा," अप्पा म्हणाले.

"ठिवलाय. पण बघायचं हाय मला."

अप्पांनी बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत 'बघ, सांगत होतो' असं सगळं होतं. अक्का उठल्या. सोप्यातले दोन पाट ओढून जवळजवळ ठेवले, मध्ये दोन बोटांची फट. फटीवर घड्याळ पालथं ठेवून पाहिलं. दोन्ही कडांवर बरोबर टेकलं. मग म्हणाल्या, "चिमणे, आरसा हाय?"

चिमणाबाई उठली. मग आत गेली आणि फणेरपेटी घेऊन आली. लाकडी, झाकणाला आरसा. पिराजी गेल्यापासून उघडलेली नव्हती हे सांगायला कुणी नको होतं. बिजागरी कुरकुरली, आत जुनं कुंकू वाळून तडकलेलं. तिनं झाकणाचा आरसा निखळवून हातात दिला. अक्कांनी तो पदरानं पुसून पाटांच्या फटीखाली सरकवला.

आरशात पिराजीचं घड्याळ दिसलं. उलटं, पण प्रत्येक काटा स्वच्छ. चिमणाबाई जमिनीवर गाल टेकून आडवी झाली आणि आरशावर डोळे लावले.

"करा आता," ती म्हणाली.

अप्पांनी भिंग डोळ्यात धरलं. अक्का सांगायच्या, 'तवा त्येंचा हात बघायचा व्हतास. एवढं भांडलो मी जन्मभर त्या माणसाशी, पर त्या हाताशी न्हाई.' झाकण निघालं. अप्पांनी श्वास धरला आणि चिमट्याचं टोक चाकाला इतकंसं लावलं. किल्लीची कमान ढिली, घड्याळात जोर नाही, तरी चाक हललं. एकदा गेलं, परत आलं. अजून एकदा. मग हळूहळू, दमलेल्या माणसानं बसावं तसं थांबलं. अप्पांनी परत लावलं. परत तसंच. कुठं अडकलं नाही, कुठं खरडलं नाही.

"बरं हाय," ते म्हणाले. त्या एका शब्दासाठी सोप्यातले सगळे थांबले होते. "किल्ली लागली न्हाई."

"मी काय म्हणलोतो?" अक्का.

"तू गप."

चाक बाहेर आलं, केसासारख्या स्प्रिंगसकट, बोटभर कागदावर. मग रुद्राणीच्या घड्याळातलं मोडकं चाक पिराजीच्या घड्याळात गेलं. चिमणाबाईनं मान न उचलता विचारलं, "ते काय घातलं?"

"मोडकं हाय. चालणार न्हाई. पर रिकामं ठेवत न्हाई आम्ही."

"बरं केलंसा." आणि मग तशीच आडवी पडून, आरशातच बघत, "पोरी, तुझा मालक कसा हाय?"

रुद्राणी गोंधळली. "चांगला हाय."

"मग तू म्हायारी का?"

"घड्याळ बंद पडलं. चालू झालं की निरोप द्या म्हणालं. दुकानातनंच घिऊन जाणार हायत."

"घड्याळ?"

"घड्याळ आन मला."

अप्पांनी झाकण दाबून बसवलं. टक् असा आवाज झाला. चिमणाबाई उठून बसली. घड्याळ सुलटं करून तिनं काटे पाहिले, मग आरशात पाहिलेले आठवून पुन्हा पाहिले. जिथं होते तिथं.

"माझं तर बंद घड्याळ हाय," ती म्हणाली. "ते मी एवढी वर्सं देव्हाऱ्यात ठिवलं. आन तुझ्या मालकानं चालतं-बोलतं माणूस टपालानं धाडल्यागत परत धाडलं. आमच्यात सून म्हायारी धाडली तर न्यायला दारात यावं लागतंय. बापाच्या हातचं पाणी प्यावं लागतंय. तुमच्यात न्हाई?"

"आमच्यातबी हाय," रुद्राणी हळू म्हणाली.

परतीच्या गाडीत तिनं फक्त एकच विचारलं. "अक्का, हा आस कशानं मोडतोय?"

"पडल्यानं. दुसऱ्या कशानंबी न्हाई."

रुद्राणीनं पिशवी जवळ ओढली. "दगडी पायरीवर पडलंतं," ती म्हणाली. "त्येंच्या हातनं. मी बघितलंतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोललो असतो तर अजून बोलणी बसली असती." मग म्हणाली, "अप्पाला वाटतंय, त्येचंच घड्याळ कच्चं निघालं. तोंड लपवून हिंडतोय." ती आपल्या बापाबद्दल बोलत होती.

दुकानात आल्यावर रेवणसिद्धअप्पांनी हात शांत होऊ दिले आणि दुसऱ्या दिवशी चाक नीट बसवून, तेल घालून घड्याळ उभं-आडवं करून तपासलं. चाललं. भिंतीवरची सगळी घड्याळं एकीकडे आणि ते छोटं एकीकडे, असा त्याचा ठोका खणखणीत होता. उचगावला निरोप गेला, साखर कारखान्यावर निरोप गेला. भीमाप्पानं लेकीला दुकानात सोडलं, पण स्वतः आत आला नाही. रस्त्यापलीकडूनच हात जोडून गेला.

सातलिंग दुपारनंतर आला. इस्त्रीचा शर्ट, केस चप्प. आत येता येताच हात पुढे केला, घड्याळासाठी. रुद्राणी बाकावर होती, पिशवी मांडीवर. तिच्यावरून त्याची नजर गेली, थांबली नाही.

अप्पांनी घड्याळ दिलं. त्यानं कानाला लावलं. चेहरा उजळला. "चालतंय की!"

"न चालायला काय झालं?" अक्का मागच्या दारातून पुढे आल्या. "वस्तू सोन्यासारखी हाय. माझ्या मालकानं तीस वर्सांत अशी थोडी बघितल्यात."

"जुनं हाय हो, अक्का. सासऱ्यानं जुनंच दिलं."

"जुनं हायच. चांगलं जुनं हाय. आस मोडलाता त्याचा. आस आपल्या आपण मोडत न्हाई, पावणं. उंचावरनं पडलं तरच मोडतोय. कुणाच्या हातनं पडलं?"

सातलिंग पट्टा बांधत होता. पट्टा बांधायला त्याला बराच वेळ लागला.

"नेसरीच्या पिराजीचं चाक हाय आता त्यात," अक्का म्हणाल्या. "लई शिस्तीचा माणूस. जपून वापरा."

"व्हय, व्हय." त्यानं बाही सारखी केली. आणि मग रुद्राणीकडे न बघताच, "उठ. पिशवी घे. साडेपाचची गाडी मिळंल."

रुद्राणी उठली. "घड्याळ न्यायला आलाय," तिनं विचारलं, "का मला?"

"दोन्ही की." तो हसला, अप्पांकडे बघून, पुरुषानं पुरुषाकडे बघावं तसा. "एकाच खेपंत हुतंय, मग दोन खेपा कशाला?"

अप्पा हसले नाहीत. ते भिंग पुसत होते.

"अप्पा घरात हाय माझा," रुद्राणी म्हणाली. "उचगावला. दार उघडं हाय."

"आता उचगावला कुठं जायचं? गाडी चुकंल. बारसं हाय ताईच्या घरी, तूच निरोप धाडलातास न्हवं, जायला पायजे म्हणून?"

ती वाकली. आधी अप्पांच्या पाया पडली, मग अक्कांच्या. अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, दाबला.

"रुद्राणे, येतीस न्हवं?"

तिनं पिशवी खांद्याला लावली. सातलिंगच्या अगदी जवळून गेली, दुकानाची पायरी उतरली आणि एस.टी. स्टँडच्या दिशेला न वळता, समोरच्या थांब्यावर उभ्या असलेल्या उचगावच्या सिटी बसकडे सरळ चालू लागली.

"अगं, येतीस का न्हाई? रुद्राणे!"

तिनं मागे पाहिलं नाही.